उंबरटेपच्या होळीची हजेरी

बुधी नारायण वाघे आणि तिच्या वाडीतली सात कातकरी घरं यांच्यावर अन्याय झाला. कधी? पाच वर्षांपूर्वी, शिमग्याच्या पुनवेनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये. कुठे? तालुक्याच्या कचेरीत, मतदारयादीवरच्या हरकतींच्या सुनावणीत. कोणी केला? हे शेवटी सांगायची रीत आहे, पण मला ती पाळायची नाही. हे लिहिणाऱ्याने केला.

माझा धंदा पत्रकं लिहिण्याचा. शहापूरच्या बाजारात एका छापखान्यात मी मॅट्रिकनंतर खिळे जुळवायला लागलो. वर्षभरात माझ्या लक्षात आलं की छापायला येणाऱ्याला काय छापायचंय हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. तो नुसता तापलेला असतो. मग मी मजकूरही लिहून द्यायला लागलो. निवडणुकीतले उमेदवार, सभेची बोलावणी, कचेरीचा निषेध, मूळव्याधीचं औषध, सगळं लिहिलं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गुलाबी कागदावर जे जे जळजळीत छापलं गेलं, त्यातलं निम्मं माझं. हे मी अभिमानाने सांगतो. पुढचं वाचलंत की अभिमान किती ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली गंमत कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. पत्रकाची पहिली ओळ: अन्याय कोणावर झाला आणि कधी. शेवटची ओळ: वाचणाऱ्याने उठून काय करायचं. मधलं कोणी वाचत नाही. कागद गुलाबी किंवा पिवळा, कारण तो स्वस्त. एकच बाजू छापायची. पाठ कोरी राहिली की पत्रक घरात टिकतं. मास्तर त्यावर गणितं घालतात, बाया डब्याच्या तळाला घालतात, बाजारातली कोळीण त्यात सुकट बांधून देते. डोळखांबकडच्या एका पाड्यावर माझं एक पत्रक मी दोन वर्षांनी पाहिलं, भिंतीतल्या भोकाला लावलेलं. मजकूर आत, पाठ बाहेर. वारा मात्र अडवत होतं. माझ्या लेखणीने कोणाचं तरी भलं केल्याचा तो पहिला पुरावा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकजण सख्ख्या भावाविरुद्ध पत्रक छापायला आला. बांधावरून भांडण झालेलं. मी चांगलं कडक लिहिलं. तो प्रुफं बघायला बसला, तिसऱ्या ओळीशी थांबला आणि म्हणाला, "एवढा काय तो वाईट नाय वो." मी म्हटलं, "मग पुसतो." म्हणाला, "नको, ऱ्हाऊ दे. मी घेऊन जातो, त्यालाच दावतो." पुढच्या बाजाराला दोघे भाऊ एका बैलगाडीतून आले आणि मला वांगी देऊन गेले. म्हणजे पत्रकाचा परिणाम होतोच, फक्त तो कुठल्या दिशेला जाईल ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. हे तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गावाचं नाव मी उंबरटेप ठेवतो. खरं नाव तिथल्या लोकांना माहीत आहे, तेवढं पुरे. मुरबाडहून एसटीने जायचं आणि फाट्यावरून पाऊण तास चालायचं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आलेली. तात्यासाहेब नावाचे गृहस्थ उभे राहणार होते. गावात त्यांची जमीन आणि घर, कल्याणला किराण्याचं दुकान. ते एका दुपारी छापखान्यात आले, हातात विलायतेच्या तिकिटाचा लिफाफा.

"आमच्या पुतण्याचं पत्र. वसंताचं. तिकडं बसवर कंडक्टर आहे तो," त्यांनी खुर्ची ओढली. "वाच जरा. रक्त उसळतं."

वसंताने लिहिलं होतं की तो राहतो त्या गिरण्यांच्या गावात दारांच्या फटींतून गोऱ्यांचं एक पत्रक टाकलं जातंय. त्याने ओळीओळीचं मराठी करून पाठवलं होतं: आपण कमी होत चाललोय, ते वाढत चाललेत. कालपरवा आले आणि आपली घरं घेतली. त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो. आपली रीत ते पाळत नाहीत. त्यांना मत आहे आणि ते कोणाला मिळतं हे ओळखा. खाली वसंताने लिहिलं होतं, "काका, ज्या बसमध्ये मी त्यांना तिकीट देतो, त्याच बसमध्ये ते हे वाचत बसतात."

तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. "माणुसकी आहे का रे या लोकांना? पोरगं थंडीत कुडकुडत राबतंय, आणि हे म्हणतात निघ!" त्यांनी डोळे पुसले, उपरणं नीट केलं आणि त्याच दमात म्हणाले, "असंच खणखणीत काहीतरी आपल्याला लिहून दे. त्या घाटावरच्यांवर."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं. मी विचारलं, "गुलाबी की पिवळा?"

घाटावरचे म्हणजे माळशेजच्या वरून, जुन्नरकडून खाली उतरलेले खडी फोडणारे. रस्त्याचं काम निघालं तेव्हा आले, काम सरलं तरी सहा झोपड्या राहिल्या. त्यातली सोनाबाई ही सगळ्यांची पुढारी. नवरा सुरुंगाच्या कामात गेलेला, ती राहिली, सात-आठ वर्षं झालेली. यंदा त्यांची नावं यादीत चढली होती. तात्यासाहेबांना ती मतं मिळायची नव्हती. तशीच गावाच्या टोकाला असलेल्या कातकरीवाडीचीही. समोरच्या उमेदवाराने वाडीला विहीर कबूल केलेली. वाडीवर पाणी म्हणजे ओढ्यात खड्डा खणायचा, त्यात हळूहळू झिरपतं ते करवंटीने उपसायचं. बुधी वाघे ही त्या खड्ड्याची रोजची मानकरी.

मी उंबरटेपला एक दिवस गेलो आणि पत्रकाला लागेल तेवढाच गाव पाहून आलो. गावची तरणी माणसं कुर्ल्याच्या, परळच्या गिरण्यांत गेलेली. पारावर म्हातारे बसलेले. एकजण म्हणाला, "गाव रिकामा झाला रे. पानवठ्यावर बघावं तं सगली नवी तोंडं."

हे खरंच होतं. गाव रिकामा झाला होता. पण तो सोनाबाई आल्यामुळे नाही, त्याचा मुलगा कुर्ल्याला गेल्यामुळे. आणि तो मुलगा कुर्ल्याच्या चाळीत काय म्हणून ओळखला जात होता? बाहेरचा. हे म्हाताऱ्याला तोंडावर सांगणं माझं काम होतं. ते न करता मी त्याचं दुःख उचललं आणि त्याला सोनाबाईचा पत्ता लावून दिला. ही या धंद्यातली सगळ्यात सोपी करामत. विलायतेत चालते, उंबरटेपलाही चालते. घरातून कोण गेलं याचा राग, दारात कोण आलं त्याच्यावर काढायला शिकवायचं.

पत्रक झकास उतरलं. वसंताच्या पत्रातला सांगाडा, वर इथलं कातडं. पण मला एक ठसकेबाज ओळ हवी होती, रीत पाळण्याची. आमच्या भागात होळीला प्रत्येक घराने एक लाकूड द्यायचं असतं. ते मी शहापूरला लहानपणापासून पाहिलेलं. मी लिहिलं:

"जो गावच्या होळीला लाकूड टाकतो तोच गावचा! यादी त्याप्रमाणे करा!"

तात्यासाहेबांनी ती ओळ तीनदा मोठ्याने वाचली. "वा! याच मुद्द्यावर हरकत घालू कचेरीत. सहा झोपड्या काढ. आणि ती कातकऱ्यांची सात घरं पण घाल. दिवाळी झाली की जातात वीटभट्टीवर, ते वैशाखातल्या अखाजीपर्यंत भट्टीवरच. ते कुठले टाकतात लाकूड?"

मी अर्ज लिहिला. उंबरटेपच्या होळीला मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. कोणाला विचारलंही नाही. पत्रकवाल्याने विचारायचं नसतं, सांगायचं असतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

सुनावणीचा दिवस उजाडला. घाटावरच्या झोपड्यांतून सोनाबाई आणि पाच माणसं आली. कातकरीवाडीतून कोणी नाही. नोटिसा बंद दारांना डकवलेल्या, माणसं खाडीकाठी भट्टीवर. आमच्या बाजूने तात्यासाहेब, गावची दहाबारा माणसं आणि साक्षीदार गोमा बुवा. हा गोमा बुवा उंबरटेपच्या होळीचा हजेरीवाला. होळी पेटवण्याआधी तो एकेका घराचं नाव पुकारतो, त्या घराने "हाय!" म्हणून लाकूड टाकायचं. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ, बापाकडून आलेलं. तात्यासाहेबांनी त्याला धोतरजोडी कबूल केली होती.

"बुवा," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "फक्त घाटावरच्या सहा झोपड्यांचं सांगा. यंदा लाकूड होतं का?"

"तसं येत नाय, सायेब. पयल्यापासून म्हनावं लागतंय. मधून घेतली तं तुटते."

"बरं, म्हणा."

"बसून बी येत नाय."

गोमा बुवा उभा राहिला, पगडी सारखी केली, उगवतीकडे तोंड केलं. तिकडे फायलींचं कपाट होतं. आणि गावच्या मैदानात देतात तशी आरोळी त्याने दिली, "गावदेवीचं घर!"

व्हरांड्यात बसलेले उंबरटेपचे दहाबारा जण सवयीने एका आवाजात ओरडले, "हाय!"

शेजारच्या खोलीतले कारकून धावत आले. एकाच्या हातात चहाची बशी तशीच.

"पाटलाचं घर!"

"हाय!"

"लाकूड कंचं?"

"ऐनाचं!"

साहेबांनी टाक खाली ठेवला. ते हसू दाबत होते हे मला दिसत होतं. तात्यासाहेब मान डोलावत होते. आणि मग, अकराव्या की बाराव्या घराला, गोमा बुवा म्हणाला, "तात्याचं घर!"

व्हरांडा गप्प.

"नाय!" गोमा बुवाने स्वतःच उत्तर दिलं. "यंदा नाय. मागल्या साली नाय. त्याच्या आदल्या साली बी नाय."

"अरे, मी कल्याणला दुकानात असतो शिमग्याला!" तात्यासाहेब उठले. "गर्दीचे दिवस!"

"मी कुटं म्हनतो नसतोस?" गोमा बुवा शांतपणे म्हणाला. "मी हजेरी घेतोय. मधी बोलू नुको, तुटंल."

"तात्यासाहेब," साहेब म्हणाले, "तुमच्याच अर्जाप्रमाणे मग तुमचंही नाव काढायचं का?"

कपाटाशी उभे असलेले कारकून आता उघड हसत होते. मीही हसलो असतो, पण माझी ती ठसकेबाज ओळ माझ्याच पायावर पडलेली होती.

"घाटावरली सोनाबाई!"

"हाय!" सोनाबाई ठणठणीत म्हणाली.

"लाकूड कंचं?"

"बाभळीचं! मागल्या साली आंब्याचं व्हतं, ह्यो गणपत म्हनला आंब्याचं टाकू नये, म्हनून औंदा बाभळीचं. ईचारा त्याला."

गणपत व्हरांड्यातून म्हणाला, "खरंय."

सहाच्या सहा झोपड्या हजर. मी शहापूरचा, मला काय माहीत की नव्याने आलेला माणूसच रीत सगळ्यात काटेकोर पाळतो? त्याला हक्काने चुकायची मुभा नसते.

मग गोमा बुवा कातकरीवाडीकडे वळला. "बुधी नारायण वाघे!" मी मनात म्हटलं, निदान हे तरी आपल्या बाजूने जाईल. असं म्हटलं मी. लिहून ठेवतो.

"हाय!" पुन्हा सोनाबाई.

"लाकूड कंचं?"

"बाभळीचंच. बारकं. सात घरांची सात."

साहेबांनी वर पाहिलं. "हे काय? तुम्ही त्यांच्या वतीने कशा?"

उत्तर गोमा बुवाने दिलं. "ती रीत हाय सायेब. घरचा मानूस परगावी असंल तं शेजाऱ्यानं त्याच्या नावाचं लाकूड टाकायचं आन् हाय म्हनायचं. नायतं त्या घरावर वरीसभर इडापिडा. पोरं मुंबईला गेली, त्यांच्यासाटी आमी टाकतोच की."

"पर ह्यांच्यासाटी कुनी टाकीत नव्हतं," सोनाबाई म्हणाली. "मी नवी आले तवा पयलं मडकंभर पानी बुधीनं दिलं मला, त्या वढ्यातल्या खड्ड्यातलं. गावच्या हिरीवर तवा कुनी येऊ देत नव्हतं. मंग मी टाकते तिच्या वाडीचं. ती येती अखाजीला, ईचारती, टाकलंस का गो? मी म्हनते, टाकलं."

साहेब म्हणाले, "होळी कायद्यात बसत नाही. कोण कुठं राहतं ते बसतं. घाटावरची माणसं समोर उभी आहेत, त्यांची नावं राहतील. कामाला तात्पुरतं गेल्याने कातकऱ्यांचंही राहणं तुटत नाही. पण नोटिशीला उत्तर हवं. त्यांच्या वतीने कोणीतरी लेखी द्या, एवढंच की ही घरं इथली आहेत, कामाला गेलीत, परत येतात. चार ओळी. एक वाजता मी यादी बंद करतो."

"मी म्हनते की! हाय!"

"बाई, तोंडी नाही चालत. लिहून, खाली अंगठा."

सोनाबाईने इकडेतिकडे पाहिलं. बाहेरचा अर्ज लिहिणारा जेवायला गेलेला. गोमा बुवाला अक्षर येत नव्हतं. कारकून हरकतदार-बिरकतदाराच्या भानगडीत पडत नाहीत. मग तिची नजर माझ्यावर आली. मीच ना पत्रकवाला? खिशात माझं पेन होतं, टोपण चकचकीत. चार ओळी मी चालत्या एसटीत लिहितो. पण शेजारी तात्यासाहेब बसलेले, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. जोर नव्हता त्यात. नुसता ठेवलेला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. एक वाजला. साहेबांनी सात घरांवर रेघ ओढली.

कचेरीबाहेर एसटीची वाट पाहताना सोनाबाई माझ्याजवळ आली. शिवी देईल म्हणून मी तयार होतो. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमच्यापाशी पेन व्हतं ना?" आणि चालायला लागली.

तात्यासाहेब आपटले. सपाटून. पत्रकामुळे नव्हे, हजेरीमुळे. तीन शिमगे चुकवल्याची बातमी एसटीआधी गावात पोचली होती. प्रचाराला ते दारात गेले की आतून पोरं ओरडायची, "तात्याचं घर!" आणि सगळी आळी म्हणायची, "नाय!" माझं पत्रक त्या वर्षी गावभर पापड वाळवायला वापरलं गेलं. वसंताला मी त्याची एक प्रत पाठवली, कबुलीजबाब म्हणून. त्याचं उत्तर आलं: "तुमचं पत्रक वाचलं. ओळखीचं वाटलं. आमच्या दारातलंच ना?" खाली लिहिलं होतं की त्याच्या गल्लीतल्या एका म्हातारीने, गोरीच ती, ते दारातलं पत्रक वाचून विस्तवात घातलं आणि त्याला चहाला बोलावलं. जगात सगळीकडे एखादी सोनाबाई असते, हे वाचून मला बरं वाटलं. पेनवाले कुठं असतात, हे त्याने विचारलं नाही.

निवडून आलेल्याने विहीर खणली. स्वतःच्या आळीत. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "वाडीत मतं कुठं हायत आता?" रेघ मीच ओढायला लावलेली.

सुनावणीनंतर लगेच, अखाजीच्या आधीच मी भट्टीवर गेलो होतो, कोरे अर्ज घेऊन. बुधी चिखल तुडवत होती. मी सगळं सांगितलं, पेनासकट. ती हसायला लागली. "मंजे आमी नाय ते बी तू लिवलंस, आनि हाय ते बी तूच लिवनार? ब्येस हाय की रे तुझा धंदा." मग पाय धुऊन आली आणि सात घरांचे अंगठे तिने रांगेत घेतले, मला ओळ चुकू दिली नाही. पावसाळ्यात चार घरांची नावं परत चढली. तीन राहिली, बुधीचं त्यातच. दर खेपेला काहीतरी कमी पडतं: दाखला, तारीख, नाहीतर बुधी स्वतः, कारण यादी निघते तेव्हा ती भट्टीवर असते. विहीर अजून नाही. खड्डा आहे. करवंटी आहे.

मी अजून पत्रकंच लिहितो. एक नियम मात्र केलाय: कोणाविरुद्ध लिहिण्याआधी त्याच्या गावच्या होळीला जाऊन यायचं. धंदा निम्मा झाला. गेली चार वर्षं मी उंबरटेपच्या होळीला असतो. गोमा बुवा पुकारतो, "शापूरचा पत्रकवाला!" मी "हाय!" म्हणतो. "लाकूड कंचं?" सोनाबाई मागून ओरडते, "गुलाबी कागदाचं!" आणि सगळा गाव हसतो.

आता तुमचं काम. हा अंक तुमच्या हातात आहे म्हणजे दिवाळी आहे. भाऊबीज झाली की बुधीची माणसं भट्टीवर निघतील, आणि मग तुमच्या गावच्या चावडीवर यादी लागेल. फराळाचं ताट बाजूला ठेवा आणि चावडीवर जा. यादी मोठ्याने वाचा, पहिल्यापासून, मधून नव्हे. ज्या घराला उत्तर द्यायला कोणी नाही, त्या घरासाठी "हाय" म्हणा. आणि तेवढ्यावर घरी येऊ नका. तुमच्या खिशात पेन आहे. काढा ते. चार ओळी लिहा. खाली सही करा. एक वाजायच्या आत.